तंबोऱ्याची जवारी
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

आज मला आपल्याशीं एका घरगुती गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे. ज्या घरांत आईच्या किंवा आजीच्या पिढीला गाण्याची आवड होती, अशा पुष्कळ घरांत दिवाणखान्याच्या कोंपऱ्यांत खोळ घातलेला एक तंबोरा उभा असतो. सणासुदीला त्याच्यावरची धूळ झटकली जाते. कोणी पाहुणा त्याच्याकडे पाहूं लागला, तर घरचें माणूस म्हणतें, “पूर्वीं फार गोड होता हो; आतां बोलत नाहीं.” पुढें जागेची अडचण होऊं लागली म्हणजे तो विकावा, कीं शोभेसाठीं ठेवावा, असा विचार सुरू होतो. माझें सांगणें एवढेंच आहे कीं, असा तंबोरा बहुधा मोडलेला नसतो. त्याची जवारी गेलेली असते. आणि गेलेली जवारी परत येऊं शकते. ती कशानें जाते, कशी येते, आणि ती आणण्यासाठीं जाणत्या कारागिराकडेच कां जावें, हें आज सांगावयाचें आहे.

मी गवई नाहीं आणि शास्त्रज्ञहि नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकून उभा जन्म शाळेंत मुलांना गणित आणि भूगोल शिकविण्यांत घालविलेला मी एक निवृत्त मास्तर आहें. या विषयाशीं माझा संबंध आला तो माझ्याच एका चुकीमुळें. ती चूक आधीं सांगून टाकतों, म्हणजे पुढचें समजण्यास सोपें जाईल.

आमच्या घरीं जो तंबोरा आहे तो माझ्या पत्नीचा. लग्नापूर्वीं ती ज्या बाईंकडे गाणें शिकत असे, त्यांनीं तो तिला दिला. संसाराच्या धबडग्यांतहि तिनें सकाळचा अर्धा तास कधीं चुकविला नाहीं. मुलें शाळेंत जावयाच्या आधीं स्वयंपाकघराशेजारच्या खोलींतून तिचा षड्ज ऐकूं आला, कीं दिवस उजाडला असें आम्ही समजत असूं. चार-पांच वर्षांपूर्वीं मात्र हा अर्धा तास हळूहळू कमी होऊं लागला. आज दहा मिनिटें, उद्यां पांच. आणि एके दिवशीं तिनें तंबोऱ्यावर खोळ चढविली. मीं कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, “आतां सूर लागत नाहीं. वय झालें. उगाच ओढाताण कशाला करूं?” मला वाईट वाटलें; परंतु वयापुढें इलाज नाहीं असें समजून मी गप्प बसलों.

एकदां ती माहेरीं गेली असतां मीं सहज तंबोरा काढला आणि तारांवरून बोटें फिरविलीं. गाणें मला येत नसलें, तरी तीस वर्षें तो नाद कानांवर पडलेला होता. हा तो नाद नव्हता. तार छेडली कीं ‘टण्’ असा कोरडा आवाज येई आणि लगेच विझे. पूर्वीं खर्जाच्या तारेंतून जो गुंजारव उठे, त्याचा मागमूसहि नव्हता. मीं नीट पाहिलें तों घोडीच्या पाठीवर तारांखालीं चार बारीक खांचा पडलेल्या दिसल्या. मास्तराची बुद्धि! खांचा आहेत, तर पृष्ठभाग सपाट केला पाहिजे, असा मीं हिशेब केला; बाजारांतून काचकागद आणला आणि तासभर घोडी घांसून आरशासारखी सपाट केली. तारा परत चढविल्या. आतां तंबोऱ्यांतून जो आवाज निघाला, तो पत्र्यावर वाळू चाळल्यासारखा होता. पत्नी परत आल्यावर तिला तोंड दाखविण्याची मला लाज वाटली. शेवटीं आम्ही दोघांनीं तो तंबोरा घेऊन मिरजेला जाण्याचें ठरविलें.

मिरजेलाच कां, हें थोडक्यांत सांगतों. कृष्णाकांठच्या या गांवांत तंतुवाद्यें घडविण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली आहे. तलवारी आणि भाले यांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांचें काम इंग्रजी अमलांत बसत चाललें, तेव्हां त्यांतील फरीदसाहेब नांवाच्या कुशल कारागिरानें सतारी आणि तंबोरे करण्याकडे लक्ष वळविलें, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानें हा धंदा वाढला, असा इतिहास तेथें सांगतात. पुढें खांसाहेब अब्दुल करीम खां या गांवीं राहिले. 1937 सालीं ते वारल्यावर त्यांचें दफनहि मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यांत झालें. गवई आणि कारागीर एकाच गांवांत नांदले, म्हणजे गवयाचा कान कारागिराच्या हातांत उतरतो. सतारमेकर हें तेथें आडनांवच झालें आहे आणि त्यांच्या वस्तीला सतारमेकर गल्ली म्हणतात. 2024 सालीं मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें. तेथील तंबोऱ्यासाठीं भोंपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढें या भागांतून, आणि दांडी व तबली यांसाठीं तुणीचें लांकूड वापरतात.

आम्ही ज्या कारागिराकडे गेलों ते सत्तरीच्या घरांतले होते. त्यांनीं खोळ काढली, घोडीवरून अंगठा फिरविला आणि माझ्याकडे न पाहतां विचारलें, “गुरुजी, हें कुणीं घांसलें?” मीं अपराध कबूल केला. ते हंसले नाहींत. म्हणाले, “हरकत नाहीं. थोडी जाडी उरली आहे. पण घोडी घांसावी तितकी कमी होते; वाढत कधींच नाहीं. पुन्हां हात लावूं नका.”

आतां ही घोडी काय आणि जवारी काय, हें समजून घेऊं. तंबोऱ्याच्या तबलीवर मधोमध जी लांकडाची, हाडाची किंवा शिंगाची छोटी चौरंगासारखी वस्तु असते, ती घोडी. चारहि तारा तिच्या पाठीवरून जातात. फिडल किंवा गिटार ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना आठवेल कीं त्या वाद्यांत तार एका अरुंद कडेवर टेकलेली असते. तेथून ती सुटली कीं सुटली. गिटारींत तार कोठें दुसरीकडे घांसून झरझर वाजूं लागली, तर तो दोष समजून दुरुस्त करणाऱ्याकडे नेतात. आपल्या तंबोऱ्याची गोष्ट अगदीं उलट आहे. त्याची घोडी रुंद असते आणि तिच्या पाठीला अतिशय मंद असा गोल उतार असतो. त्या उतारावरून तार निघते ती एकदम सुटत नाहीं. कंप पावतांना ती त्या उताराला पुनःपुन्हां हलकेच चाटून जाते. हें चाटून जाणें नेमकें साधलें कीं जो झंकार उठतो, त्याला जवारी म्हणतात.

त्यांतलें शास्त्र असें. कोणतीहि तार छेडली कीं तिच्यांतून एकच स्वर निघत नाहीं. सबंध तारेच्या मूळ स्वराबरोबर तिच्या अर्ध्या भागाचा, तिसऱ्या भागाचा, चौथ्या आणि पांचव्या भागाचा असे वरचे सूक्ष्म स्वर अंगभूत असतात. अर्ध्या भागाचा तो वरचा षड्ज, तिसऱ्या भागाचा पंचम, पांचव्या भागाचा गंधार. साध्या तारेंत हे वरचे स्वर दुबळे असतात आणि लौकर विझतात. तंबोऱ्यांत तार घोडीला चाटते तेव्हां प्रत्येक कंपनांत तिची मोकळी लांबी किंचित् बदलते, आणि त्या स्पर्शामुळें तारेची शक्ति वरच्या स्वरांकडे सतत वळत राहते. म्हणून जवारीदार तंबोऱ्यांत खर्जाच्या तारेंतून, कोणीहि न लावलेला गंधार आपोआप ऐकूं येतो. गायक ज्या आकाशांत सूर सोडतो, तें आकाश या स्वरांनीं भरलेलें असतें.

ही गोष्ट सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या लक्षांत आली होती. 1930 सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें प्रकाशावरील संशोधनाबद्दल. परंतु त्यापूर्वीं 1921 मध्यें त्यांनीं वीणा आणि तंबोरा या वाद्यांच्या नादावर एक निबंध प्रसिद्ध केला होता. पाश्चात्य नियम असा कीं, तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या सूक्ष्म स्वरांचें कंपन शून्य असतें, ते स्वर तिच्यांतून निघतां कामा नयेत. तार बरोबर मध्यावर छेडली तर अर्ध्या भागाचा स्वर निघूं नये. रामन यांना आढळलें कीं आपल्या वाद्यांत तो खुशाल निघतो. आणि त्याचें कारण त्यांनीं या वक्र घोडींतच शोधलें. म्हणजे आपल्या कारागिरांनीं कानानें जें साधलें होतें, तें नियमांच्या पुस्तकाला ठाऊक नव्हतें.

आतां माझी चूक कोठें झाली तें ध्यानांत येईल. वर्षानुवर्षें तार घांसून घोडीवर खांच पडते. तार त्या खांचेंत बसली कीं चाटणें बंद होतें, आणि तंबोरा मुका होतो. हें नैसर्गिक झिजणें होय. मीं ती खांच काढतांना तो मंद उतारच काढून टाकला. सपाट पाठीवर तार सगळीकडे आपटूं लागली. म्हणून वाळू चाळल्याचा आवाज. उतार जास्त झाला तर तार लगेच सुटते आणि नाद कोरडा होतो. उतार कमी झाला तर ती चरचरते आणि लौकर मरते. या दोहोंच्या मधली जागा केसाइतकी अरुंद असते. शिवाय चारहि तारांची जाडी आणि ताण वेगळा. म्हणून प्रत्येक तारेखालचा उतार वेगळा, आणि तरीहि चारहि तारांचा रंग एकच असावा लागतो.

त्या कारागिरांनीं घोडीला लगेच हात लावला नाहीं, ही गोष्ट मला विशेष वाटली. प्रथम त्यांनीं दांडीच्या टोकाशीं डोळा लावून ती वांकलेली नाहीं ना, हें पाहिलें. मग भोंपळ्यावर बोटांनीं टिचक्या मारून कोठें तडा गेला आहे का, तें ऐकलें. भोंपळा तडकला असेल तर आधीं तो सांधावा लागतो. तोंवर जवारीचा उपयोग नाहीं. घोडीचे पाय तबलीवर सर्वत्र टेकतात कीं नाहीं, खुंट्या घसरतात का, हें पाहिलें. एक खुंटी सैल होती. तिला खडू लावून ती पक्की बसविली. तारा गंजलेल्या होत्या. त्या सगळ्या काढून नव्या चढविल्या. “गंजलेल्या तारेवर जवारी काढणें म्हणजे मळक्या चष्म्यांतून वाचणें,” असें ते म्हणाले.

नंतर त्यांनीं माझ्या पत्नीला विचारलें, “बाई, आपली पट्टी कोणती?” तिनें काळी चार म्हणून सांगितलें. त्यांनीं तारा त्या स्वरांत मिळविल्या आणि म्हणाले, “एकदां षड्ज द्या.” ती संकोचली. “माझा आवाज आतां राहिला नाहीं हो,” म्हणाली. “आवाजाचें नंतर पाहूं. मला तंबोरा कोणासाठीं लावायचा तें कळूं द्या.” तिनें हळूच षड्ज लावला. ते डोळे मिटून ऐकत राहिले, आणि मग कामाला बसले.

तें काम पाहण्यासारखें होतें. एक तार बाजूला सारावयाची, बारीक कानशीनें घोडीवर तारेच्या दिशेनें दोन-तीन हात फिरवावयाचे, फडक्यानें भुकटी पुसावयाची, तार जागेवर आणून पुन्हां स्वरांत मिळवावयाची आणि ऐकावयाची. पुन्हां बाजूला, पुन्हां दोन हात, पुन्हां ऐकणें. घांसण्याला जितका वेळ लागे, त्याच्या कितीतरी पट ऐकण्याला. एका तारेचें काम झाल्यावर तिच्याखालीं सुताचा दोरा सरकविला. हा दोरा तारेला घोडीवरून केसभर उचलतो. तो पुढें-मागें करतां करतां एका ठिकाणीं तार जणूं फुलते. दोरा हा जवारीचा शेवटचा हात आहे. पण घोडीचा उतारच चुकला असेल तर एकटा दोरा कांहीं करूं शकत नाहीं. पहिल्या तारेनंतर दुसरी, मग तिसरी. या दोन जोडाच्या. सगळ्यांत शेवटीं खर्ज. दोन तास केव्हां गेले तें कळलें नाहीं.

शेवटीं त्यांनीं चारहि तारा एकामागून एक छेडल्या आणि तंबोरा माझ्या पत्नीच्या हातीं दिला. ती छोटी खोली नादानें भरून गेली. खर्जाच्या मागोमाग तो गंधार आला, तेव्हां मीं तिच्याकडे पाहिलें. तिनें डोळे मिटले आणि षड्ज लावला. तो लागला. पंचमापर्यंत गेली, परत षड्जावर आली, आणि थांबली. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. कारागिरांनीं सरसामान आवरतां आवरतां म्हटलें, “बाई, आवाज आहे तिथेंच आहे. तुम्ही मुक्या माणसाला वाट विचारत होतां.”

श्रोतेहो, मला आज सांगावयाचें आहे तें या एका वाक्यांत आलें. वाद्य बिघडतें तेव्हां तें ‘मी बिघडलों’ असें सांगत नाहीं. तें आपल्याला आपल्याविषयींच शंका घ्यावयास लावतें. शिकणारें मूल म्हणतें मला येत नाहीं. प्रौढ माणूस म्हणतो माझें वय झालें. माझ्या पत्नीचीं दोन-तीन वर्षें अशीं फुकट गेलीं, आणि तीं केवळ घोडीवरच्या चार खांचांमुळें. माझ्या नातवाची गिटार मीं पुढें याच न्यायानें जाणत्या माणसाला दाखविली. तारा पट्ट्यांपासून फार उंच होत्या; दाबतांना मुलाचीं बोटें सोलत, आणि ‘मला जमत नाहीं’ म्हणून तो ती सोडून देणार होता. तारा खालच्या बाजूस जेथें टेकतात ती पट्टी थोडी उतरविल्यावर तें वाद्य त्याच्या हाताला आलें.

आतां ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्यांच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. तार लौकर विझते, चार तारांचे आवाज चार जातींचे येतात, दोरा कितीहि सरकविला तरी झंकार उमटत नाहीं, किंवा घोडीवर खांच नखाला लागते. यांपैकीं कांहींहि दिसलें तर कारागिराकडे जावें. जातांना, शक्य असेल तर, जो त्या तंबोऱ्यावर गातो त्यानेंच जावें. आपली पट्टी सांगावी, पहिली तार पंचमाची ठेवतां कीं मध्यमाची तेंहि सांगावें. पांढरी एकचा पुरुषाचा तंबोरा आणि काळी चारचा बायकांचा तंबोरा यांच्या तारांची जाडी सारखी नसते, आणि पट्टी बदलली तर जवारीहि बदलते. प्रवासांत तारा थोड्या उतरवाव्या, जाड खोळ घालावी, आणि भोंपळ्याखालीं कापडाची चुंबळ ठेवावी. काम होत असतां जवळ बसावें, घाई करूं नये आणि मधें बोलूं नये. कारागीर त्या वेळीं हातापेक्षां कानानें काम करीत असतो. नव्या तारा कांहीं दिवस ताणत राहतात. तोंवर तंबोरा उतरला तर कारागिराला दोष देऊं नये.

चांगला कारागीर कसा ओळखावा? जो घोडीवरून कमींत कमी काढतो, कारणाशिवाय ती बदला म्हणत नाहीं, आणि काम झाल्यावर आपल्याकडूनच तंबोरा छेडवून घेतो, तो चांगला. जुन्या तंबोऱ्याला हस्तिदंताची कांहीं सजावट असेल, तर तशीच नवी बसवून मागूं नये; हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्या देशांत कायद्यानें बंदी आहे. घरीं मात्र घोडीला तेल, पॉलिश किंवा काचकागद, कांहींएक लावूं नये. तंबोरा ओल्या भिंतीशीं किंवा उन्हांत ठेवूं नये. पावसाळ्यांत लांकूड फुगून खुंट्या आंवळतात, त्या जोरानें पिळूं नयेत. वाजवून झाल्यावर तारांवरून कोरडें फडकें फिरवावें. घामानेंच तारा गंजतात.

कोणी म्हणेल, आतां तंबोऱ्याची विजेची पेटी मिळते, हातांतल्या फोनवरहि तंबोरा वाजतो. मग हा खटाटोप कशाला? त्या पेटीला माझा विरोध नाहीं. प्रवासांत, लहान जागेंत ती उपयोगी आहे. परंतु पेटी सर्वांसाठीं सारखीच बोलते. जवारी एका माणसाच्या षड्जासाठीं लावलेली असते. शिवाय ही विद्या पुस्तकांत नाहीं. ती बापाच्या शेजारीं बसून मुलगा वर्षानुवर्षें ऐकतो तेव्हां त्याच्या कानांत उतरते. मानांकनानें नांवाचें रक्षण होतें. विद्येचें रक्षण तंबोरा घेऊन दारांत येणाऱ्या माणसानें होतें. कामच येईनासें झालें तर मुलगा दुसरा धंदा धरील, आणि मग खोळींतले सगळे तंबोरे खरोखरीच मुके होतील. म्हणून त्या दोन तासांचे पैसे देतांना घासाघीस करूं नका. घांसलेल्या भुकटीचे ते पैसे नव्हेत. कोठें थांबावें हें ज्याला कळतें, त्या कानाचे ते आहेत.

आमच्या घरीं पूर्वींचा अर्धा तास परत सुरू झाला आहे. वय झालें आहे हें खरेंच. तार षड्ज आतां पूर्वींसारखा सहज लागत नाहीं, असें ती म्हणते. पण तें ती आतां गाऊन सांगते, खोळ चढवून नव्हे. मी शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र घेऊन बसतों आणि खर्जामागून येणाऱ्या त्या गंधाराची वाट पाहतों. काचकागद मात्र तिनें घरांतून काढून टाकला आहे.

आपल्याहि कोंपऱ्यांत असा एखादा तंबोरा असेल, तर आज त्याची खोळ काढून एकदां तारा छेडून पाहा.